पीएच.डी. करून काय दिवे लावणार? उत्तर द्यायचं तर माइक विद्यार्थ्यांच्याच हातात हवा

डिसेंबर २०२३. नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू होतं. विधान परिषदेत सारथीच्या फेलोशिपवर चर्चा निघाली. जागा दोनशेवरच का थांबवल्या, असा सवाल विरोधकांनी केला. त्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचा उलटा सवाल केला. पुढे खुलासे झाले, टीका झाली, मिम्स आले आणि आठवड्याभरात सोशल मीडिया दुसऱ्या विषयावर गेला.

पण तो प्रश्न काही एकट्या मंत्र्यांचा नव्हता. गावाकडचे काका तो विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, लग्नाचं स्थळ घेऊन आलेले पाहुणे तर पहिला तोच विचारतात. "अजून शिकतोयस? मग कमावणार कधी?" पीएच.डी. करणारी मुलं यावर कसंनुसं हसतात आणि विषय बदलतात.

आपण दिवसभर काय करतो, हे सांगायची त्यांना कुठे सोयच नाही, ही यातली खरी अडचण आहे. शोधनिबंध वाचणारे मोजके. प्रबंध तर गाइड आणि परीक्षक सोडून फारसं कुणी उघडतही नाही. म्हणूनच जगभरात गेल्या दहा-बारा वर्षांत एक साधी गोष्ट रुजली आहे. पीएच.डी. आणि मास्टर्स करणारे विद्यार्थी स्वतःच माइक लावतात आणि स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलतात. त्यालाच म्हणायचं विद्यार्थ्यांनी चालवलेला पॉडकास्ट.

मुंबईच्या उपनगरांत तर असा पॉडकास्ट चालायला हवी ती सगळी सामग्री जमा आहे. मग अडतं कुठे? सविस्तर बघूया.

आधी हे सांगा, 'ग्रॅज्युएट प्रोग्रॅम' म्हणजे कोण?

इथे शब्दांचा थोडा घोळ आहे. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे बी.ए., बी.कॉम. झालेला माणूस. अमेरिकेत 'ग्रॅड स्टुडंट' म्हणजे त्याच्या पुढचं, मास्टर्स किंवा पीएच.डी. करणारा. गंमत म्हणजे मुंबईच्या एका नामांकित संस्थेचं मूळ नावच या अर्थाचं होतं. १९३६ मध्ये नागपाड्यात 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झालं. तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस. १९५४ पासून ती देवनारला आहे.

आता उपनगरांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पवईला आयआयटी मुंबई. गोरेगावला फिल्मसिटी रोडवर रिझर्व्ह बँकेने उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, तिथे अर्थशास्त्राची पीएच.डी. होते. गोवंडी स्टेशनजवळ टिस आणि लोकसंख्येचा अभ्यास करणारी आयआयपीएस, दोन्ही हाकेच्या अंतरावर. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. कालिन्याला मुंबई विद्यापीठ, जुहूला एसएनडीटी. पश्चिम रेल्वेपासून हार्बरपर्यंतच्या या पट्ट्यात हजारो मुलंमुली संशोधन करतात.

देशाचा आकडाही मोठा आहे. उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीनुसार २०१४-१५ मध्ये देशात १.१७ लाख पीएच.डी. विद्यार्थी होते. २०२१-२२ मध्ये ते २.१२ लाखांच्या वर गेले. सात वर्षांत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाढ.

एवढे लोक एकच काम करतात आणि तरी प्रत्येकाला वाटतं, हे फक्त माझ्याच वाट्याला आलंय. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पण यांच्याकडे बोलण्यासारखं आहे तरी काय?

भरपूर आहे. पैशांपासून सुरुवात करू.

नेट परीक्षा देऊन जेआरएफ मिळालेल्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. त्यानंतर एसआरएफ झाला की ४२,०००. हे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. त्याआधी चार वर्षं ते ३१,००० आणि ३५,००० होते. ही वाढही कुणी आपणहून दिली नाही. २०१८-१९ मध्ये देशभरातले संशोधक रस्त्यावर उतरले होते, तेव्हा कुठे २५ हजारांचे ३१ झाले.

ऐकायला रक्कम बरी वाटते. पण वय बघा. सत्तावीस-अठ्ठावीसचा माणूस, बरोबरचे मित्र नोकरीत सात-आठ वर्षं काढून बसलेले, आणि हा मुंबईत राहतोय. हॉस्टेल मिळालं तर निभतं. नाही मिळालं तर घरभाडे भत्ता अगदी ३० टक्के धरला तरी ११,१०० रुपये होतात. पवई, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यात त्या पैशांत स्वतंत्र घर विसरा, कुणाबरोबर तरी खोली वाटून घ्यावी लागते. वर हे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतीलच असं नाही. फेलोशिप महिनोन्‌महिने रखडल्याच्या तक्रारी दरवर्षी होतात. घरमालकाला मात्र कुणी 'पोर्टलवर प्रोसेसमध्ये आहे' असं सांगू शकत नाही.

ज्यांना जेआरएफ नाही, त्यांची भिस्त राज्याच्या संस्थांवर. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. तिथली कहाणी वेगळीच. बार्टीच्या २०२१ च्या फेलोशिपसाठी ८६१ विद्यार्थ्यांनी सरसकट मंजुरी मागत आझाद मैदानात ठिय्या दिला. पुढे तिन्ही संस्थांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये सामाईक परीक्षा झाली, तर तिच्यातले प्रश्न २०१९ च्या सेट परीक्षेच्या पेपरमधून उचलल्याचं उघड झालं. जानेवारी २०२४ मध्ये फेरपरीक्षा घेतली, तिथेही पेपरफुटीचे आरोप होऊन विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. संशोधनाची फेलोशिप देणाऱ्या परीक्षेचा पेपरच कॉपी असावा, यावर एक अख्खा एपिसोड होतो की नाही?

पैशांनंतर येतो गाइड.

पीएच.डी.मध्ये गाइड हा शिक्षक असतो, साहेब असतो आणि परीक्षकांच्या दारापर्यंत नेणारा एकमेव माणूसही तोच. प्रगती अहवालावर त्याची सही, कॉन्फरन्सला जायचं तर त्याची परवानगी, पुढे नोकरीसाठी शिफारसपत्र त्याचंच. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. संख्येवर नियम आहे. पण गाइडने आठवड्यातून किती वेळ भेटावं, मसुदा किती दिवसांत वाचून द्यावा, याचा हिशोब माणसामाणसावर अवलंबून. चांगला गाइड मिळाला तर पाच वर्षं सोन्याची. नाही मिळाला तर सहावं वर्ष उजाडतं आणि तिसरा चॅप्टर टेबलावर तसाच पडलेला असतो.

तिसरी गोष्ट वेळेची. त्याच नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिला आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. संशोधक महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा घेता येते. (आयआयटीसारख्या संस्था स्वतःचे नियम करतात, त्यामुळे तिथे तपशील वेगळे असू शकतात.) या २४० दिवसांबद्दल किती मुलींना माहीत असतं? अनेकींना ते कळतं तेव्हा एक सत्र वाया गेलेलं असतं.

आणि चौथी गोष्ट मनाची. २०१८ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. २६ देशांतल्या २,२७९ जणांनी, बहुतेक पीएच.डी. विद्यार्थ्यांनी, तिला उत्तरं दिली होती. ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची आणि ३९ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत हे प्रमाण सहापटीहून जास्त होतं. पाहणी स्वेच्छेने भरायची होती, त्यामुळे ज्यांना त्रास होता त्यांनी ती जास्त भरली असण्याची शक्यता आहे. पण बेल्जियममध्ये ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांवर झालेल्या २०१७ च्या अभ्यासातही दर तीनपैकी एकाला मानसिक आजाराचा धोका दिसला होता. म्हणजे चित्र फार वेगळं नाही.

हे सगळं सांगायला आधी काही नव्हतं का?

होतं की. कॉलेजच्या भिंतीवरचं भित्तिपत्रक आठवतंय? वार्षिक अंक? वक्तृत्व स्पर्धा? महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला बोलायची सवय नवी नाही. फरक आहे तो माइक कुणाच्या मालकीचा, यात. उपनगरांतच त्याची तीन उदाहरणं सापडतात.

पहिला माइक संस्थेचा. मुंबई विद्यापीठाचा कम्युनिटी रेडिओ आहे, 'मस्ट', १०७.८ एफएम, कालिन्याच्या कॅम्पसवरून चालणारा. सरकारने डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना असे रेडिओ चालवायची परवानगी दिली आणि २००६ मध्ये ती स्वयंसेवी संस्थांपर्यंत वाढवली. पण अटी बऱ्याच. परवाना लागतो. ट्रान्समीटरची ताकद साधारण १०० वॅट, म्हणजे आवाज काही किलोमीटरच्या पुढे जात नाही. कालिन्यात ऐकू येईल, बोरिवलीत येईलच असं नाही. सगळ्यात मोठी अट म्हणजे स्वतःच्या बातम्या आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करायचे नाहीत. मग फेलोशिप का रखडली, यावरची चर्चा ही विद्यार्थी जीवनाची की चालू घडामोडींची? परवाना हातात असलेला माणूस असल्या प्रश्नाच्या वाटेला जात नाही.

दुसरा माइक विद्यार्थ्यांचा, पण संस्थेच्या छताखालचा. आयआयटी मुंबईत 'इनसाइट' ही विद्यार्थ्यांनी चालवलेली माध्यम संस्था आहे. ती कॅम्पसवरच्या प्रश्नांवर लिहिते, विद्यार्थ्यांच्या पाहण्या करते. अशा माध्यमांचा मोठा फायदा म्हणजे त्यांना आतली माहिती मिळते, अधिकारी फोन उचलतात. पण छप्पर ज्याचं त्याच्याशी संबंध सांभाळूनच काम करावं लागतं. हे जगातल्या कुठल्याही कॅम्पसच्या अंकाला लागू आहे.

तिसरा माइक पूर्णपणे विद्यार्थ्यांचा. तोच पॉडकास्ट. 'पॉडकास्टिंग' हा शब्द पहिल्यांदा छापून आला फेब्रुवारी २००४ मध्ये, 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकात. वीस वर्षांत त्याचं काय झालं ते तुम्ही बघताच आहात. 'अमुक तमुक', 'व्हायफळ', 'मित्रम्हणे' हे मराठी पॉडकास्ट आज घराघरांत ऐकले जातात. परवाना नको, टॉवर नको, स्टुडिओ नको. मोबाइल आणि शे-दोनशे रुपयांपासून मिळणारा कॉलर माइक एवढ्यावर सुरुवात होते. हॉस्टेलच्या खोलीत पंखा बंद करायचा, खिडकीला गादी लावायची म्हणजे जेव्हीएलआरवरचे ट्रक ऐकू येत नाहीत. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम गाळत अर्धा तास रेकॉर्डिंग करायचं, लॅपटॉपवर फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये कापाकापी करायची आणि टाकायचं.

ऐकणारा तर लोकलमध्ये तयारच उभा आहे. बोरिवलीहून टिसला रोज जाणारा विद्यार्थी घ्या. बोरिवली ते अंधेरी लोकल, अंधेरी ते घाटकोपर मेट्रो, घाटकोपर ते कुर्ला पुन्हा लोकल, कुर्ल्याहून हार्बरने गोवंडी. चार गाड्या, त्यात पुस्तक उघडायला जागा नाही. पण कानात इअरफोन घालायला कितीशी जागा लागते?

बाहेर हे कसं चालतं?

काही उदाहरणं बघूया, कारण त्यांच्या फरकातच शिकण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत २०१२ पासून 'इन्स्पिरेशन डिसेमिनेशन' नावाचा कार्यक्रम चालतो. आधी कॅम्पस रेडिओवर, मग पॉडकास्ट म्हणून. एका भागात एक ग्रॅड स्टुडंट बोलावतात. त्याचं संशोधन काय हे विचारतात आणि तू इथवर आलास कसा हेही विचारतात. कॅनडाच्या वेस्टर्न युनिव्हर्सिटीत 'ग्रॅडकास्ट' आहे. तो तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची संघटनाच चालवते. म्हणजे मुलं पास होऊन गेली तरी कार्यक्रम बंद पडत नाही, पुढची टीम येते.

कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन विद्यार्थिनींनी २०१५ च्या सुमारास 'पीएचडिवाज' सुरू केला. एक बायोमेडिकल इंजिनिअरिंगची, दुसरी इंग्रजी साहित्याची, दोघीही गोऱ्या नसलेल्या. प्रयोगशाळेत आणि वर्गात आपल्यासारखं दिसणारं कुणी नसतं तेव्हा काय होतं, यावर त्या बोलायच्या. आपल्याकडच्या पहिल्या पिढीतल्या संशोधकाला हा विषय परका वाटणार नाही.

'हॅलो पीएचडी' हा आणखी एक गाजलेला पॉडकास्ट, तोही २०१५ चा. पण तो चालवणाऱ्या दोघांची पीएच.डी. तोवर होऊन गेली होती. हा बारीक फरक महत्त्वाचा आहे. डिग्री हातात असलेला माणूस गाइडबद्दल जितकं मोकळं बोलू शकतो, तितकं चौथ्या वर्षात अडकलेला विद्यार्थी बोलू शकत नाही.

मग आपल्याकडे अडतं कुठे?

इथेच. पैसा, माइक, इंटरनेट हे सगळं जमतं. भीती जाता जात नाही.

मागच्या काही वर्षांत मुंबईच्या कॅम्पसवर काय घडलं ते आठवा. फेब्रुवारी २०१८ मध्ये टिसच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही कॅम्पसवर विद्यार्थी संपावर गेले. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना मिळणारी फी आणि हॉस्टेलची सवलत काढून घेऊ नका, ही मागणी होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबईने राजकीय स्वरूपाच्या कार्यक्रमांसाठी पूर्वपरवानगीचे नियम आणले. मार्च २०२४ मध्ये तिथल्याच कला महोत्सवात 'राहोवन' हे रामायणावर बेतलेलं नाटक झालं. त्यावर तक्रारी आल्या आणि काही विद्यार्थ्यांना १.२ लाख रुपयांपर्यंत दंड झाला.

एप्रिल २०२४ मध्ये टिसने एका दलित पीएच.डी. विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. दिल्लीतल्या आंदोलनातला सहभाग आणि एका समाजमाध्यमावरची पोस्ट, ही त्यातली कारणं. संस्थेच्या मते ही शिस्तीची बाब होती, विद्यार्थ्याच्या मते अभिव्यक्ती स्वातंत्र्याची. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निलंबन तोवर भोगलेल्या काळापुरतं मर्यादित केलं आणि पीएच.डी. पूर्ण करायचा रस्ता मोकळा झाला. पण तोवर वर्षाहून जास्त काळ गेला होता.

यातल्या प्रत्येक प्रकरणात कोण बरोबर, यावर मतं वेगवेगळी असू शकतात. पण माइकसमोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या डोक्यात काय चालतं ते यावरून कळतं. त्याला कुणी 'बोलू नकोस' असं सांगावंच लागत नाही. तो आपणहून ठरवतो की, आधी थिसिस सबमिट होऊ दे, मग बघू.

त्यात आवाज लपवता येत नाही. निनावी पोस्ट टाकता येते, पण आवाज निनावी नसतो. एका विभागात आठ-दहा पीएच.डी. असतात. 'आमच्या लॅबमधल्या एका सरांनी' एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं, कुठले सर ते.

कायदा काय सांगतो?

पॉडकास्टला परवाना लागत नाही, याचा अर्थ काहीही बोललेलं चालतं असा नाही. तीन गोष्टी माहीत हव्यात.

एक, बदनामी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हा आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. खरी आणि लोकहिताची गोष्ट सांगणं हा त्याला अपवाद आहे. पण खरं काय, हे कोर्टात सिद्ध करायला वेळ आणि पैसा कुणाकडे असतो? म्हणून नाव घेऊन आरोप करण्यापेक्षा व्यवस्थेबद्दल बोलणं शहाणपणाचं.

दोन, लैंगिक छळाच्या तक्रारी. २०१३ च्या पॉश कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारदार, आरोपी, साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचा तपशील जाहीर करता येत नाही. मैत्रिणीला न्याय मिळावा म्हणून केलेला एपिसोड तिलाच अडचणीत आणू शकतो. अंतर्गत समितीकडे तक्रार कशी करायची, मुदत किती, हे मात्र खुशाल सांगता येतं आणि सांगायलाच हवं.

तीन, तक्रारीची अधिकृत वाट. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यापीठांत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पटलं नाही तर लोकपालाकडे दाद मागता येते. ही वाट आहे, हेच बहुतेकांना माहीत नसतं.

आणि हो, सुरुवातीला आवडतं सिनेमाचं गाणं लावू नका. कॉपीराइटचा दणका बसतो आणि एपिसोड उडतो.

आता मुद्द्याचा प्रश्न: भाषा कोणती?

जगातले बहुतेक असे पॉडकास्ट इंग्रजीत आहेत. आपल्याकडेही संशोधनावर बोलायचं म्हटलं की इंग्रजीच तोंडात येते. इंग्रजीवाल्या मुलांना अर्धी माहिती घरातून आणि सीनियरकडून आधीच मिळालेली असते. कुणाचे मामा प्रोफेसर, कुणाची ताई परदेशात पोस्टडॉक.

आता समजा, परभणीतून एम.ए. केलेली एक मुलगी आहे. घरात पहिलीच पदवीधर. तिला पीएच.डी. करायची आहे. पेट आणि नेट यात फरक काय? रिसर्च प्रपोजल म्हणजे किती पानं? गाइडला पहिला ईमेल कसा लिहायचा? त्यांनी उत्तर दिलं नाही तर पुन्हा लिहायचं का? मुंबईत हॉस्टेल न मिळाल्यास राहायचं कुठे? मुलाखतीत इंग्रजी अडखळलं तर? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याच माहितीपुस्तकात मिळत नाहीत. ती मिळतात कँटीनमध्ये, चहा पिताना, ओळखीतून. ज्याची ओळख नाही, त्याचं एक वर्ष जातं, कधी दोन जातात.

ही कँटीनमधली माहिती मराठीत, मोकळेपणाने आणि फुकट मिळाली, तर त्या मुलीचं एक वर्ष वाचेल. एका मुलीचं एक वर्ष म्हणजे जवळपास साडेचार लाखांची फेलोशिप आणि घरच्यांना दिलेला एक शब्द. ऐकणारे पन्नासच असले तरी चालतील. बँकिंग, एमपीएससी यावर मराठीत शेकडो चॅनेल आहेत. संशोधनाच्या वाटेवर मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच साहित्य.

मग पॉडकास्टने प्रश्न सुटतील?

नाही. हेही स्पष्ट सांगायला हवं.

पॉडकास्टने फेलोशिप वाढत नाही. २०१९ ची वाढ आंदोलनाने झाली. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ४८ हजार संशोधक आणि शैक्षणिक कर्मचाऱ्यांचा पगार वाढला, तोही नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या काही आठवड्यांच्या संपामुळे. तिथे ग्रॅड स्टुडंटना कर्मचारी म्हणून युनियन करता येते. आपल्याकडे फेलोशिप घेणारा माणूस ना धड विद्यार्थी, ना धड नोकरदार.

पॉडकास्टने गाइड बदलत नाही. नैराश्य असेल तर त्यावर समुपदेशक आणि डॉक्टरच लागतात. 'टेली मानस'ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं. आणि असे पॉडकास्ट टिकतातच असंही नाही. चौथ्या-पाचव्या भागात कुणाचं सेमिनार येतं, कुणाची फील्डवर्कला रवानगी होते, आणि चॅनेल गपगार पडतं.

मग उपयोग काय? सुरुवातीला म्हटलं होतं ते आठवा. दोन लाखांहून जास्त लोक एकच काम करतात आणि प्रत्येकाला वाटतं, हे माझ्याच वाट्याला आलंय. फेलोशिप चार महिने आली नाही, तर तो विचार करतो, माझाच फॉर्म चुकला असेल. गाइड बोलत नाहीत, तर माझंच काम वाईट असेल. एखाद्या एपिसोडमध्ये तीन वेगळ्या संस्थांची तीन मुलं हेच सांगताना ऐकली, की त्याच्या लक्षात येतं, चूक फॉर्मची नाही. तिथून पुढे तक्रार होते, अर्ज होतो, लागलं तर आंदोलनही होतं.

त्यासाठी टिकाऊ व्यवस्था हवी. वेस्टर्न युनिव्हर्सिटीसारखी विद्यार्थी संघटनेकडे जबाबदारी दिली, तर टीम बदलली तरी चॅनेल चालतं. एकाच संस्थेऐवजी पवई, देवनार, गोरेगाव, कालिना अशा तीन-चार कॅम्पसच्या मुलांनी मिळून केला, तर कोण कुठल्या सरांबद्दल बोलतंय हे ओळखणंही अवघड होतं. आणि नुकतीच डिग्री मिळालेल्या मुलांनी पुढे होऊन बोलावं. त्यांच्या सह्या झालेल्या असतात.

राहिला तो दिव्यांचा प्रश्न. विधान परिषदेत तो विचारला गेला तेव्हा उत्तर द्यायला ज्यांच्याबद्दल तो होता त्यांच्यापैकी कुणी सभागृहात नव्हतं. पुढच्या वेळी कुणी तोच प्रश्न विचारला, मग तो मंत्री असो की लग्नातले पाहुणे, तर पाठवायला एक लिंक तरी हातात असावी.

तुमच्या ओळखीत कुणी पीएच.डी. करतंय? 'कधी संपणार' हे सोडून त्यांना एकदा विचारून बघा, नेमकं काय करतोस. सांगायला बसले की तासभर थांबणार नाहीत.